कोटाचं माप

३ ऑक्टोबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

झटक्यातून वाचलो, आता हृदयविभागाच्या नर्सबाईंच्या तावडीत सापडलोय. त्यांनी एक वही दिली आहे. ज्यांचे आभार मानावेसे वाटतात अशा तीन गोष्टी रोज लिहायच्या. त्यानं म्हणे मन निवतं, झोप लागते. गोळ्या चालूच. चाळीस वर्षं कोट शिवले, आभार कुणी मानले नाहीत. बाह्या आखूड झाल्या म्हणून भांडायला मात्र सगळे हजर! तरी काल लिहिलं: खिडकीतलं ऊन, शिलाई मशीन, घरी येऊन दाढी करून गेलेला न्हावी. मला जिना बंद आहे. तीन मजले तुझी वहिनीच चढउतार करते.

आठवण काढत राहा.
तुझा दादा

९ ऑक्टोबर

ति. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. मशीनचे आभार, न्हाव्याचे आभार, आणि वहिनी? बिनमिठाचं जेवण, गोळ्यांच्या वेळा, दुकानातली काजंबटणं, ते तीन मजले, हे कोण करतं? डोळ्यांवर पट्टी बांधली आहेस का रे? वहीत नको, तिला तोंडानं सांग.

रागावले तरी तुझीच,
धाकटी

१६ ऑक्टोबर

चि. धाकटीस, आशीर्वाद.

बाई, कान धरले. पण तीस वर्षांत जे बोललो नाही ते एकदम कसं बोलू? जीभच रेटत नाही. म्हणून तिला कोट शिवतोय. शिंप्याची बायको आणि अंगावर ठिगळाचा कोट, शोभतं का? काल ती बाजारातून वर आली तसं लगेच माप घेतलं. पण स्वस्थ उभी राहील तर शपथ! छातीवर टेप ठरेना, सारखी वरखाली. मी खेकसलो, जरा नीट उभी राहा म्हणून. ती भिंतीला टेकून हसली, म्हणाली, आधी गिऱ्हाइकांचं संपवा. रविवारी कोट अंगावर चढवीन आणि तेव्हाच आभार मानीन.

तोवर राग आवर.
दादा

५ नोव्हेंबर

चि. धाकटीस, आशीर्वाद.

वहिनीचे दिवस करून तू परत गेलीस आणि घर खायला उठलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तरी तिला हृदयाचा त्रास होत असणार, तिनं अंगावर काढला. धाप कशी असते हे मला कुणी शिकवायला हवं होतं का गं? दोन महिने मी दुसरं काय केलं? हातातली टेप सांगत होती, आणि मी तिलाच दटावलं.

नर्सबाईंनी विचारलं, वही लिहिता ना? लिहितो म्हटलं. तीनही ओळींत तीच असते. मोठ्यानं वाचतो. ऐकायला कुणी नाही.

राहिलेली बाही काल लावली. कोट तुला पाठवतोय. मापात बसणार नाही, तरी घाल. आणि जिना चढून आल्यावर तुला धाप लागते का, ते उलट टपाली कळव.

तुझा दादा