पिंजरा, वाकडी कात्री आणि न धुतलेले गोणपाट यांची व्यवस्था

मी, दत्ताराम कोंडीराम घाडी, वय बावीस, राहणार लालबाग, दुसरा मजला, खोली सतरा, हा मृत्युपत्राचा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहासाठी परवा बेळगावकडे जाणाऱ्या तुकडीत माझे नाव आहे. तिकडे लाठी बसते की गोळी, हे आधी कोणी सांगत नाही. डोके तापट असले तरी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. नशापाणी मी करीत नाही.

कलम १. सायकल वडिलांना द्यावी. जनावरांच्या डॉक्टरीचे कॉलेज मी तिसऱ्या वर्षी सोडले, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. एक मास्तर हुतात्म्यांबद्दल वेडेवाकडे बोलले आणि मी हातातला ट्रे भिंतीवर मारला. माफी मागितली असती तर परत घेत होते. मागितली नाही. वडिलांचा गुडघा दुखतो, तरी गिरणीत चालत जातात. त्यांनी निमूट सायकलवर बसावे.

कलम २. वाकडी कात्री व चिमटे बाबुराव तांबे यांना. बाबुराव जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर आहेत. दोन वर्षे आम्ही दोघे हे काम फुकट करतो: चाळीतली भटकी मांजरे पिंजऱ्यात धरायची, दवाखान्यात ऑपरेशन करून त्यांची पैदास बंद करून घ्यायची, गुंगीत असतानाच डाव्या कानाचे टोक कापून खूण करायची, आणि बरी झाली की जिथून धरली तिथेच सोडायची. "परत कशाला आणतोस?" असे सगळे विचारतात. उंदीर काय तुमचे काका मारणार? आणि मुंबई आमची म्हणून जो रस्त्यावर ओरडतो, त्याने बोक्याला त्याच्या जिन्यावरून हाकलू नये.

लोकांचा माझ्यावर भरवसा नाही. मी ढोलकीवाल्यांना मांजरांची कातडी पुरवतो, असे पहिल्या मजल्यावर बोलतात. एकदा नाक्यावर हवालदाराने गोणपाटाखाली पत्रके असतील म्हणून पिंजरा अडवला. मी म्हटले, "पत्रकं म्यांव करतात काय, साहेब?" त्याने उघडलाच. बोका त्याच्या खांद्यावरून पसार झाला आणि माझी दुपार चौकीत गेली.

कलम ३. पिंजरा सुनेत्रा विष्णू तावडे यांना. त्या समोरच्या खोलीत राहतात व म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात काय आहे ते सगळ्या चाळीला माहीत आहे, त्यांना सोडून. किंवा त्यांनाही आहे आणि त्या दाखवत नाहीत. यातले खरे कोणते, हे मला अजून कळलेले नाही.

पिंजऱ्याबरोबर एक काम येते. काळी-पांढरी मांजर धरायची राहिली आहे. दोन वर्षांत तिची पाच वेते झाली. पिल्ले बहुतेक लॉरीखाली गेली. ती एक हुकली तर आमचे सगळे काम पुन्हा पहिल्यापासून. गणपतीपासून तीन वेळा ती पिंजऱ्यात शिरली. तारेला केस होते, बोंबील खाल्लेला होता, आणि तिन्ही वेळा बाहेरची कडी काढलेली होती. मांजर कडी काढत नाही.

कलम ४. कडी काढणारा गंगाधर रेडकर, हे मी ओळखून आहे. पहाटे दूध आणायला तोच पिंजऱ्याच्या वाटेने जातो. "सगळी मांजरं वडाळ्याच्या मिठागरात सोडून या," हे चाळीच्या सभेत तोच बोलला. सुनेत्राच्या आईला रेशनची पिशवी वर आणून देणाराही तोच. त्यास पिंजऱ्यावरचे गोणपाट मिळावे. धुऊन देऊ नये.

गंगाधर वकिलाकडे कारकून आहे. तो म्हणाला, ज्याला काही ठेवायचे त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये, त्याला ठेवलेले बाद होते. कायदा असेलही, किंवा माझ्या नावाखाली सुनेत्राचे नाव येऊ नये म्हणूनही सांगितले असेल. तरी बाबुरावांना साक्षीला घेतले नाही. तळमजल्यावर खानावळ चालवणाऱ्या राधाबाईंना बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला.

त्या म्हणाल्या, "मी आंगठो देवचंय नाय. खोटा लिवलंस."

"काय खोटं, काकी?"

"कडी गंगाधरान नाय, सुनेत्रान काढल्यान. तीनय येळा. मिया बघलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"माका इचारलंस कधी? आवस पिंजऱ्यात आणि पिल्लां जिन्याखाली आरडतत! पिंजरो लावच्या आधी थानां बघूक नको, डॉक्टरा?"

बाबुरावांनी शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती: मादी अंगावर पाजत असेल तर पिंजरा लावायचा नाही. मी मांजरीकडे पाहतच नव्हतो. मी गंगाधरची पावले मोजत होतो.

कलम ५. म्हणून कलम ४ रद्द. माफी मागत नाही, कारण मिठागराचे तो बोललाच होता.

एवढे लिहीपर्यंत राधाबाईंनी गॅलरीतून सुनेत्राला हाक मारली. तिने उभ्यानेच सगळे वाचले. कलम ३ दोनदा वाचले.

मी विचारले, "मला सांगायचं तरी."

"तू विचारतोस कुठे? तू नुसता संशय घेतोस. पिल्लं आता मासळी खायला लागलीत. पंधरा दिवसांनी धर तिला."

"पंधरा दिवसांनी मी तुरुंगात असेन."

"दुसरा साक्षीदार कुठाय?"

"मिळाला नाही. कोणावर भरवसा ठेवू?"

"दे, मी करते सही."

"मग पिंजरा तुला मिळणार नाही."

"माहीत आहे. गंगाधरने सांगितलंय." (त्याने तिला हे कधी आणि का सांगितले, याची चौकशी बाकी आहे.) "मला तुझ्या मागं राहिलेलं काही नको, दत्ताराम."

याचा अर्थ मी विचारला नाही. विचारायला हवा होता. तिने पेन माझ्या हातातून घेतले.

कलम ६. कलम ३ त्यामुळे बाद. पिंजऱ्यासाठी दुसरे नाव मला सुचत नाही.

ठिकाण: लालबाग, मुंबई. दिनांक २९ ऑक्टोबर १९५८.

(सही) दत्ताराम कोंडीराम घाडी

साक्षीदार:

१. राधाबाई नेरूरकर, डाव्या हाताचा अंगठा.

२. (सही) सुनेत्रा विष्णू तावडे. मजकूर वाचला. कलम ३ मधली मांजर मी एकटी धरणार नाही. लिहून देणाऱ्याने सुटून आल्यावर दोघांनी मिळून धरावी. तोवर तिला आणि पिल्लांना मी खायला घालीन.