बटणांचा ई-रीडर भाचीला

मी, दातांच्या कवळ्या घडवून पोट भरलेली बाई, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हात ठिकाणावर नाहीत, म्हणून मी सांगते आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत.

राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या पश्चात भाचा आणि भाची यांना समसमान मिळावी. मेण कोरायच्या सुऱ्या, कानशी आणि पॉलिशचे यंत्र कामावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने न्यावे. तिने ते आधीच हेरून ठेवले आहे.

भाच्याला याहून अधिक काही नाही. कारण नोंदवते. या दोघांची आई, माझी थोरली ताई, कंपवाताने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला वाचनाचाच आधार होता. तिच्या ई-रीडरला कडेला बटणे होती. अंगठा कितीही थरथरला, तरी बटण दाबेपर्यंत पान हलत नसे. भाच्याने हौसेने नवा आणला, नुसत्या काचेचा, आणि जुना मोडीत दिला. बोट टेकले की पाने भराभर पुढे पळायची. कधी अक्षरे अचानक मोठी व्हायची, कधी पुस्तकच बंद.

"आई, हळूच टेकव ना बोट!"

"अरे, हळू टेकवता आलं असतं तर मी इथे कशाला पडले असते?"

तिने वाचन सोडले. मग बोलणेही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आता माझी बोटे थरथरतात. मरणापेक्षा मला त्या भिंतीची धास्ती जास्त आहे.

म्हणून बटणांचा एक रीडर जुन्या बाजारातून मिळवला आहे. मी जिवंत असेपर्यंत तो माझ्या उशाशी राहील. 'नवा आणलाय' म्हणत कोणीही त्याला हात लावू नये.

माझ्यानंतर तो भाचीचा. वकीलबाईंनी विचारले, "तिला कशाला? ती तर फोनवर झरझर बोटं फिरवते."

"तुम्ही लिहा," मी म्हटले.

परवा तिने मला चहा दिला, तेव्हा कप बशीवर वाजत होता. मी पाहिले. तिने चटकन दुसऱ्या हाताने कप धरला आणि ती म्हणाली, "मावशी, आज गारठा आहे, नाही?"

डोक्यावर पंखा चालू होता. मी म्हटले, "हो गं, आहे खरा."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मान्य आहे. सही वाकडीतिकडी असली तरी माझीच आहे.

साक्षीदार: १) दाखला देणारे डॉक्टर २) शेजारचे निवृत्त पोस्टमन
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मे

ता. क. भाची आत भांडी लावते आहे. हा कागद तिला इतक्यात दाखवू नये.