तुझं चालणं

आई, तुझं चालणं मला येत नव्हतं. तुझ्यावर फिल्म करायला घेतली तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आलं. फिल्म म्हणजे थिएटरात लागते तसली नाही. कॉम्प्युटरवर माणसं, घरं, झाडं घडवायची आणि त्यांना जरा जरा हलवत चित्रपट करायचा. कार्टून म्हण हवं तर. माझी फिल्म तर समोरचा चहा निवेपर्यंत संपेल एवढीच आहे. मला कुणी करायला सांगितली नव्हती, तिचे कुणी पैसेही देणार नव्हतं. डोंबिवलीच्या घरात, बेडरूममध्ये कपाटाला लागून एक टेबल आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी बसून मी हे करत आले. बाकी नोकरी तीच, एमआयडीसीतल्या कारखान्यात व्हॉल्वची ड्रॉइंग्ज काढायची. तिथल्या टेबलावरच्या नावाच्या पाटीवर माझ्या नावाखाली अजूनही ‘ड्राफ्ट्समन’च लिहिलेलं आहे. तू असतीस तर त्यावर हसली असतीस, पदर तोंडाला लावून.

सुरुवात तुझ्यापासून झालीच नव्हती. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकवणारे व्हिडिओही मिळतात. नवशिके आधी चेंडू करतात, मग कप करतात. माझं ते पटकन झालं. मग म्हटलं, जरा मोठं काहीतरी करावं, पण सरळ रेषांचं, आपल्याला झेपेल असं. म्हणून मी मिठागर केलं. आपल्या कोपरीच्या मागचं, खाडीकडचं, आता जिथे नुसती तिवरं आणि पलीकडे हायवे आहे ते. चौकोनी वाफे, मधून बांध, कडेला मिठाच्या राशी. ड्राफ्ट्समनला आणखी काय हवं? पाण्यात आभाळ दिसायला लागलं तेव्हा मी खुर्ची मागे सारून बघत बसले. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी ते कुणी सोडून गेल्यासारखं दिसत होतं. त्या बांधावर कुणीतरी चालायला हवं होतं, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन. तुझ्याशिवाय दुसरं कोण चालणार होतं?

कॉम्प्युटरमध्ये माणूस करायचा तर आधी त्याच्या आत हाडं घालावी लागतात, आणि कुठलं हाड कधी हलेल ते सांगावं लागतं. तयार चालही मिळते. ती मी तुला लावली. हिरवं लुगडं नेसलेली एक बाई बांधावरून निघाली, खांदे सरळ, पावलं सारखी. तुझे जावई चहा घेऊन आले, मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाले, “चांगली चालतेय की.” चांगलीच चालत होती. तिथेच चुकत होतं. तू लंगडायचीस. पण कुठल्या पायाने? मी डोळे मिटून आठवायला गेले आणि मला काही आठवेना. तुझे दोनच फोटो आहेत, एकात तू खुर्चीवर बसलेली आहेस आणि एकात भिंतीला टेकून उभी. तुला चालताना कुणी टिपलेलंच नाही.

असं कसं विसरले, याचा मी खूप दिवस विचार केला. मग तो दिवस आठवला. मी डिप्लोमाला लागले आणि तू मला कंपासपेटी घ्यायला ठाण्याच्या बाजारात नेलंस. उन्हाळा होता, तुझ्या मिठागराचे दिवस, तरी तू खाडा केलास. आपण कोपरीहून पूल ओलांडून पश्चिमेला चाललो आहोत. तू मागे पडतेस म्हणून मी पाय हळू केलेत. तू थांबतेस. गर्दीत, पुलाच्या मधोमध. “माझ्यासाठी थांबू नको,” तू म्हणतेस. “तुझ्या चालीनं चाल. मी येते मागनं.” आवाज चढवत नाहीस, पण मला कानाखाली बसल्यासारखं होतं. मी पुढे होते. बाजारापर्यंत मागे वळून बघत नाही, नुसती तुझ्या चपलांचा आवाज ऐकत राहते. आणि असंच तर नेहमी होतं, आई. देवळात जाताना, दवाखान्यात जाताना, मी कायम पुढे. तुला चालताना मी बघितलंच नव्हतं, तर आठवणार कुठून? ती कंपासपेटी मात्र तू निवडलीस, दुकानदाराने दाखवलेली पहिली परत करून, बिजागरी दोनदा उघडून-मिटून.

मी आत्याकडे गेले. तुझ्याबरोबर पाट्या वाहिलेल्या बायकांमध्ये आता तीच उरली आहे. कॉटवर बसून असते, ऐकू कमी येतं. मी विचारलं तर म्हणाली, “तुजी आय कशी चालायची म्हंजे? चालायची तशी चालायची.” मग थोड्या वेळाने, “डावा पाय असंल. नाय तर उजवा. अगं, ती आमच्या मागं असायची. बांधावरनं एकामागं एकच जाता येतं ना. ती पुढं असली का सगल्यांना थांबाया लागायचं, म्हणून ती शेवटाला राह्याची.” म्हणजे तिनेही तुला बघितलेलं नव्हतं.

मग दादाला विचारलं. आत्याच्या घरापासून चार पावलांवर तर तो राहतो. आपली चाळ पाडून बिल्डिंग झाली, तिच्यात पहिल्या मजल्यावर. रिटायर झालाय, वजन वाढलंय, गुडघे धरतात. मी फिल्मचं सांगितलं तेव्हा तो खूश झाला. मिठागर मोबाइलवर दाखवलं, तर वहिनीला हाक मारून म्हणाला, “बघ, आमचा आगर.” मग मी विचारलं, आई कुठल्या पायाने लंगडायची? त्याने मोबाइल माझ्या हातात परत दिला.

“लंगडताना दाखवणारेस?”

“ती तशीच चालायची ना दादा.”

“मेल्यावर तरी सरळ चालू दे तिला,” तो म्हणाला. “जिवंत होती तोवर रस्त्यातली पोरं मागनं नक्कल करायची तिची. आता तू पण तेच करणार? कॉम्प्युटरवर?”

मी म्हटलं, ही नक्कल नाही. तो म्हणाला, मग काय आहे ते सांग. मी मोबाइल पर्समध्ये टाकून उठले. वहिनी जेवायला थांब म्हणाली, मी थांबले नाही. त्यानंतर बरेच महिने आमचं बोलणं नव्हतं. गणपतीला गेले, दर्शन घेतलं, तो गॅलरीत उभा राहिला. मी फिल्मचं बाकीचं काम करत राहिले. राशींवरचं ऊन, पाण्यावरची सुरकुती, तुझ्या लुगड्याचा काठ. एकेक दृश्य तयार व्हायला कॉम्प्युटर अख्खा दिवस घेतो, त्याचा पंखा घुरघुरत राहतो आणि खोली तापते. कॅमेरा मी तुझ्या मागे ठेवला होता. जन्मभर तू मला पुढे घातलंस, निदान इथे तरी मला मागून यायचं होतं. पण मागून बघायचं तर चाल खरी हवी, आणि ती माझ्याकडे नव्हती. शेवटी ठरवलं, दादा म्हणतो तसंच करावं. फिल्म राहिली बाजूला, भाऊ एकच आहे. तुला सरळ चालणारी केलं, लॅपटॉप घेतला आणि एका रविवारी सकाळी कोपरीला गेले.

दादा डायनिंग टेबलाशी बसला होता. मी लॅपटॉप उघडून समोर ठेवला. तू बांधावरून चाललीस, पाटी घेऊन, ताठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याने पुन्हा लाव म्हणून सांगितलं. पुन्हा लावलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

“छान आहे,” दादा म्हणाला. मग म्हणाला, “कुणीही असेल ही.”

तो लॅपटॉपकडे न बघता बोलायला लागला. “पोरं मागनं नक्कल करायची ना, म्हणून मी तिच्या मागनं चालायचो. शाळेतनं सुटलो की आगरावर जायचो आणि येताना तिच्या पाठीला चिकटल्यासारखा. मी मध्ये असलो की कुणाची हिंमत नव्हती. तिला वाटायचं, पोरगं रमतगमत येतंय. ओरडायची मला, पुढं हो म्हणून. मी नाही व्हायचो.” मग तो उठला, टेबलाला हात लावून. “उजवा पाय. टाच टेकायची नाही तिची. आणि पाटी असली की डावा हात असा सुटायचा, लांब.”

आणि तो चालला. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दारापर्यंत. एवढा जाडजूड माणूस, बनियनवर, उजवी टाच उचललेली, डावा हात बाहेर सुटलेला, मान अजिबात न हलवता. कारण डोक्यावर पाटी होती. मोबाइल माझ्या हातात होता, पण तो वर करावासा वाटला नाही. दाराशी पोचून तो तिथेच उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. वहिनी पुढे झाली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन मी ती चाल केली. टाच उचलली तशी कंबर तिरकी झाली, कंबर तिरकी झाली तसा हात आपोआप लांब गेला. मला वेगळं काही करावंच लागलं नाही. तू पडद्यावर माझ्या पुढे चालत होतीस.

फिल्म पूर्ण झाली. कल्याणच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये हौशी लोकांच्या फिल्म दाखवणार होते, तिथे दिली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अर्ध्या रिकाम्या. दादा आला, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या रांगेत बसला. फिल्म संपल्यावर एका बाईंनी विचारलं, त्यांच्या पायाला काय झालं होतं ते का नाही दाखवलं? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला. “काही झालं नव्हतं. चाल होती तिची ती.” बाईंनी मान डोलावली. बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. स्टेशनकडे जाताना दादाने माझी लॅपटॉपची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मी डोंबिवलीला उतरेपर्यंत दिली नाही.

हे लिहून झालं की कुठे ठेवायचं ते ठरवलेलं नाही. पाठवायला पत्ता नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. एक मात्र सांगायचं राहिलं, ते मी दादालाही सांगितलेलं नाही. फिल्म संपल्यानंतरच्या एका दुपारी मी ती फाईल पुन्हा उघडली. तुझ्या डोक्यावरची पाटी काढली आणि तुला बांधावरून पळवलं. नीट जमलेलं नाही, लुगडं वाऱ्यावर हलत नाही, पाण्यात सावली पडत नाही. तरी तू पळतेस. मी ते कुणाला दाखवणार नाही.