टेबल पुसायची सवय

१ डिसेंबर, सोमवार.

आबा, काल संध्याकाळी आम्ही पुण्याहून साताऱ्याला परत आलो. सकाळी दोघा मुलांचे डबे केले, त्यांना शाळेत सोडलं, हे कामावर गेले. मी ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. ताप वगैरे काही नाही. केर काढला, कपडे वाळत घातले, कुकर लावला आणि ही वही घेऊन बसले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर रागवायची माझी हिंमत झाली नव्हती. आज रागावले आहे, आणि तुमच्या एकट्यावर नाही.

मुलांना प्राणी बघायचे होते म्हणून पुण्याला गेलो होतो. दुपारी एका मोठ्या हॉटेलात जेवायला बसलो. तुम्हाला ते आवडलं असतं. शेजारी तमिळ बोलणारं कुटुंब, पलीकडे एक सरदारजी नातवाला भरवत होते, कोपऱ्यात ईशान्येकडची कॉलेजची पोरंपोरी खिदळत होती. वाढणारा नेपाळचा. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. माझ्या धाकट्यानं, तो चार वर्षांचा आहे, पाण्याचा ग्लास सांडला, तर शेजारच्या तमिळ आजींनी न विचारता त्यांच्याकडचे कागदी रुमाल आमच्याकडे सरकवले आणि त्याचा गाल ओढला. मागच्या टेबलावर पन्नाशीच्या एक मराठी बाई होत्या. त्यांचा नातू आणि माझा धाकटा दोन टेबलांच्या मधल्या फरशीवर आमची एकच खेळण्यातली मोटार चालवत बसले होते. दोघांनाही जेवणाची शुद्ध नव्हती.

जेवण झालं तशी मोठीनं सगळ्यांच्या ताटल्या एकावर एक रचल्या, उष्टं एका वाटीत गोळा केलं आणि टेबल पुसायला घेतलं. सात वर्षांची आहे. तिचा हात कोपऱ्यांपर्यंत पुरत नाही म्हणून ती खुर्चीवर गुडघे टेकून वाकली होती. वाढणारा म्हणाला, "अरे बेटा, छोड दो, मेरा काम छीन रही हो क्या?" आम्ही हसलो. मागच्या बाई म्हणाल्या, "किती गुणी आहे हो पोरगी! आमच्याकडं बघा, ताटातलं सांडून ठेवतात. कुठले तुम्ही?" मी म्हटलं, सातारा. "अगंबाई, माझं माहेर कराडचं! साताऱ्यात कुठं? आडनाव काय?" मी आडनाव सांगितलं. त्या "हं, बरं बरं" म्हणाल्या. मग ताटात बघितलं. मग नातवाला हाक मारली, "चल रे, इकडं ये. दुसऱ्यांच्यात जाऊन बसायचं नाही." तो येईना, तर उठून त्याला दंडाला धरून घेऊन गेल्या. मोटार त्याच्या हातात होती. ती त्यांनी काढून आमच्या टेबलाच्या कडेवर ठेवली, माझ्याकडं न बघता.

कदाचित त्याचं जेवण गार होत असेल. ही शक्यता मी सोडत नाही. पण आबा, अशा शक्यता धरून धरून मला कंटाळा आला आहे. एवढ्या जगभरच्या माणसांत कुणालाही माझं आडनाव विचारावं लागलं नाही. लागलं ते माझ्या भाषेत बोलणारीला, माझ्या जिल्ह्यातलीला. हे म्हणाले, "सोड, जाऊ दे, बिल मागव." मी सोडलं. गाडीत बसल्यावर सुटेना.

सांगलीत तुम्ही आम्हाला हॉटेलात न्यायचात ते आठवत बसले. कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम, हात कायम काळे. न्यायच्या दिवशी तुम्ही रॉकेलनं हात धुवायचात, मग साबणानं, मग परत साबणानं, आणि आई म्हणायची, "आवं, कातडी ऱ्हाऊ द्या थोडी." स्कूटरवर पुढं मी, मागं आई आणि तिच्या मांडीवर भाऊ. आत गेल्यावर कडेची जागा रिकामी असली तरी तुम्ही ती घ्यायचा नाहीत. मधलं टेबल, पंख्याखालचं. ते भरलेलं असलं तर आपण उभे राहायचो. मला वाटायचं, उकडतं म्हणून. आम्हाला डोसा, आईला मिसळ. आणि खाऊन झालं की तुम्ही बशा रचायचात आणि स्वतःच्या रुमालानं टेबल लख्ख पुसायचात. वेटर ओशाळायचा. "आवं मामा, ऱ्हाऊ द्या की, आमी कशाला हाय?" तुम्ही म्हणायचात, "सवय हाय रं गड्या."

एकदा मी चटणी सांडून तशीच हात धुवायला पळाले. नऊ वर्षांची असेन. तुम्ही सगळ्या हॉटेलात ऐकू जाईल अशी हाक मारलीत. मी परत आले. तुम्ही रुमाल पुढं केलात आणि म्हणालात, "पूस." एवढंच. माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या घरच्यांबरोबर समोर बसली होती. मी रडत पुसलं. आई म्हणाली, "लेकराला हात तर धुऊ द्या सुखानं." 

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी आत्यानं सांगितलं. गावातल्या फाट्यावर चहाचं हॉटेल होतं, तिथं जातीवरून आपल्या लोकांचे कप वेगळे, बाहेर खिळ्याला अडकवलेले. प्यायचं, धुवायचं, बसलेली जागा पुसायची, कप परत अडकवायचा. तुम्ही शाळकरी होतात. एस.टी. आली म्हणून एक दिवस कप तसाच ठेवून पळालात. आत्या सांगत होती, "अगं, गाडीत चढल्याला पोरगा त्या मालकानं खाली उतरीवला. कप धू म्हनला, मग जा. वर्गातली पोरं खिडकीतनं बघत हुती. गाडी काय थांबतीय व्हय? गेली. त्यो चालत घरी आला आन् कुनाला बोलला न्हाई. मला बी लय दिवसांनी कळलं."

तेव्हा मी तुमच्यासाठी रडले. काल गाडीत मात्र वेगळंच दिसलं. त्या मालकानं तुम्हाला लोकांच्या देखत मागं बोलावलं, आणि तुम्ही मला लोकांच्या देखत मागं बोलावलंत. त्याला तरी तुम्ही परके होतात, मी तर तुमची लेक होते. मला का नाही सांगितलंत? मधल्या टेबलावर बसायची हिंमत होती तुमच्यात, मग उठताना ते पुसायचं कशाला? आपण बसलो होतो याची खूण राहू नये म्हणून? की कुणी बोट दाखवायच्या आधी आपणच मोकळं व्हावं म्हणून? मला खरंच कळत नाही. मी तुमचं बघून शिकले आणि मुलीला शिकवलं, स्वच्छता म्हणून, शिस्त म्हणून. वेटरचं काम हलकं नाही, त्याला मदत करावी, हे मला आजही पटतं. पण मी ते त्यासाठी करत नव्हते. माझा हात आपोआप जातो, आणि पुसून होईपर्यंत मान वर होत नाही. काल मुलगी पुसत होती तेव्हा तिची मानही खालीच होती. सात वर्षांची, आबा. तिच्यापर्यंत ते हॉटेल यायला नको होतं.

खंबाटकी घाटाच्या अलीकडं तिनं विचारलं, "आई, त्या काकू मला गुणी म्हणाल्या ना, मग त्याला का घेऊन गेल्या?" हे रस्त्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, "त्याचं जेवण गार होत होतं." ती म्हणाली, "आणि आपण टेबल का पुसतो? बाकी कुणीच पुसत नव्हतं." मी म्हटलं, "सवय आहे." तुमचेच शब्द तोंडातून निघाले तेव्हा मला तुमचा राग आला, आणि मग माझाही. ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

आज शाळेतून आली की सांगेन, असं वर लिहिलं होतं, ते खोडलं आहे. कुठून सुरुवात करायची ते मला ठाऊक नाही. आणि एक तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या बाई माझ्या मुलीला गुणी म्हणाल्या तेव्हा, आडनाव विचारायच्या आधी, मला फार बरं वाटलं होतं. एवढं बरं वाटलं की मी मान वळवून त्यांना थँक्यू म्हटलं.

वहीची पानं फाडून कुठं ठेवायची तेही सुचत नाही, वहीतच राहू देत. एक वाजून गेला. कुकरमधला भात गार झाला असेल. आमटी गरम करते आणि जेवून घेते.