बिल्ल्याबाहेर राहिलेला बैल

विश्रामबाग, सांगली
बुधवार

ती. धरणेंद्रमामांस,

जयपालचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, मामींची कंबर आणि तुमच्या गल्लीतला नळ, तिन्ही वेळेवर चालत असतील अशी आशा आहे. इकडं सगळे खुशाल आहेत, म्हणजे तुमची सूनबाई चंदनबाला खुशाल आहे आणि मी घराबाहेर फारसा पडत नाही. का पडत नाही, ते सांगायला हे पत्र. फोनच केला असता, पण तुम्ही कानातलं यंत्र डबीत ठेवता, डबी कपाटात ठेवता आणि मी काहीही विचारलं तरी "न्हाई, अजून पाऊस न्हाई" म्हणून फोन ठेवता. मोबाईलवर लिहावं तर ते घरच्या ग्रुपवर सगळे वाचणार, आणि त्या ग्रुपवर मी सध्या कुणाच्या सुप्रभातलासुद्धा उत्तर देत नाही.

तुम्ही साताऱ्याचा छापखाना बंद केलात, तेव्हा नमुन्याच्या बिल्ल्यांनी भरलेला एक बिस्किटाचा डबा मला दिला होता. "चित्रकलेचा मास्तर हायस, पोरांना दाखव," असं म्हणाला होतात. पोरांनी ते पाहिले आणि विसरून गेली, मी मात्र त्यात अडकलो. निवृत्त झाल्यापासून तर मी दुसरं काही केलंच नाही. आज माझ्याकडं सहाशे अकरा बिल्ले आहेत. बैलजोडी आहे, गाय-वासरू आहे, झोपडी आहे, पंचकल्याणक पूजेतले 'कार्यकर्ता' आहेत, कुठल्याशा लग्नातला 'वरपक्ष' आहे (त्याची टाचणी वाकलेली आहे, त्यावरून त्या लग्नात काय झालं असेल याचा अंदाज येतो). लहानपणी निवडणुकीच्या जीपमागं पळून मिळवलेले अकरा पक्षांचे बिल्ले मी एकाच सदऱ्यावर लावले होते आणि वडिलांनी एका थपडेत सगळ्या पक्षांचा पाडाव केला होता, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्हीच मला सोडवलं होतंत.

आता मामा, बिल्ला म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे लोहाराला घण धरायला शिकवणं, पण सवय लागली आहे म्हणून सांगतो. पत्र्याची चकती, वर छापील कागद, त्यावर पारदर्शक पापुद्रा, मागून कडी आणि टाचणी. एवढ्याशा वस्तूचं अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी पेटंट घेतलं गेलं. त्याआधी तिकडं अध्यक्षाच्या नावाची पितळी बटणं कोटाला शिवून घेत. बटण कोटासाठी असतं, पण बिल्ल्याला कोट लागत नाही, नुसती छाती लागते, म्हणून तो आपल्याकडं रुजला. (हे वाक्य माझ्या व्याख्यानातलं आहे. त्यावर टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडलेलं ते शेवटचं वाक्य, म्हणून इथं दिलं.)

तर तुमच्या त्या डब्याच्या तळाशी एक बिल्ला होता. रुपयापेक्षा थोडा मोठा, कडेनं गंजलेला. त्यावर डोक्यावर पदर घेतलेली, समोर रोखून बघणारी एक तरुण बाई. वरच्या बाजूला नुसतं 'औं', खालच्या बाजूला 'म क्र', आणि बाईच्या उजव्या खांद्यामागून वर आलेलं काहीतरी पांढरं, वाकडं, टोकदार. मी भिंगातून पंधरा दिवस बघितलं. 'औं' म्हणजे औंध, याबद्दल कुणाचं दुमत होणार नाही. 'क्र'वरचं टिंब आणि काना झिजला, तो 'क्रां' होता, म्हणजे क्रांती. आणि खांद्यामागचं ते टोकदार म्हणजे तलवार. एवढं जमल्यावर राहिलंच काय? बेचाळीसच्या चळवळीतली औंधकडची एक अज्ञात वीरांगना, भूमिगतांना ताकाच्या मडक्यातून चिठ्ठ्या पोचवणारी, शेवटी हुतात्मा झालेली, आणि तिचा बिल्ला गुपचूप छापणारे आमचे आजोबा, म्हणजे तुमचे वडील. आजोबा पोलीस दिसला की समोरच्या दुकानात शिरून नको असलेली हळद घेऊन यायचे हे मला माहीत होतं, पण ते मी वेषांतर म्हणून घेतलं. तुम्हाला का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. जिवंत माणसाला विचारलं की ते संशोधन राहत नाही अशी माझी समजूत होती. चंदनबालानं विचारलं होतं, "गुप्त चळवळ होती तर बिल्ला कशाला लावत हिंडतील?" मी म्हणालो, "सदऱ्याच्या आतून लावत असतील." तिनं उठून माझा सदरा उलटा करून वाळत घातला.

मग प्रदर्शन ठरलं. मुहूर्त नव्हते म्हणून इथलं एक मंगल कार्यालय तीन दिवस मिळालं. 'क्रांतीचा बिल्ला' नावाची पुस्तिका मी छापून घेतली, पाचशे प्रती. आमच्या ब्राह्मीनं (लेक आता पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत आहे) त्या बिल्ल्याचा फोटो मोठा करून आठ फुटी फलक करून आणला. चेहरा असा उठून आला की बघणारा दोन पावलं मागं सरायचा. फलकाला मी चंदनाचा हार घातला, पुढं समई ठेवली, उदबत्ती लावली. उद्घाटनाला आलेले निवृत्त प्राचार्य माझी पुस्तिका वाचून गहिवरले आणि म्हणाले, या मातेचा पुतळा व्हायला हवा. पेपरात चौकटीत बातमी आली. मला रात्री झोप आली नाही, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती. एक म्हातारी बाई आणि तिची मुलगी दारातून आत आल्या. मुलगी, सोनम, इथंच विश्रामबागेत राहते. आईचे डोळे तपासून घरी चालल्या होत्या, तेवढ्यात फाटकावर लावलेलं त्याच बिल्ल्याचं चित्र आईला दिसलं. म्हातारी बाई सरळ फलकासमोर जाऊन उभी राहिली. एकदा हाराकडं बघितलं, एकदा समईकडं, मग माझ्याकडं वळून अगदी शांतपणे विचारलं, "आवं, ह्या बाईला काय झालं?"

मी हात जोडून म्हणालो, "आजी, त्या हुतात्मा झाल्या."

"कवा?"

"बेचाळीस साली."

"आसं व्हय," म्हातारी म्हणाली. "मी तर चोपन सालची हाय."

मामा, मला पहिल्यांदा त्यातलं काहीच कळलं नाही. मी तिला इतिहास सांगत राहिलो, मडकं, ताक, चिठ्ठ्या, तलवार. ती लक्ष देऊन ऐकत होती, मधे मधे मान हलवत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "लय चांगलं सांगिटलंसा. पर ती तलवार न्हाई मास्तर. त्ये आमच्या हौशाचं शिंग हाय."

मी खुर्चीत बसलो. (चंदनबाला म्हणते, मी खुर्चीच्या शेजारी बसलो. तिथं नुसती सतरंजी होती.) मग मी मान वर करून एकदा म्हातारीकडं आणि एकदा फलकाकडं बघितलं. सत्तेचाळीस वर्षांत सगळं बदललं होतं, पण ते रोखून बघणं तेच होतं.

त्यांचं नाव रंगुबाई. औंधजवळच्या एका वाडीच्या. नवरा जोतिबा लष्करात, पोस्टिंग लांब, म्हणून घरचा खिल्लारी खोंड त्यांनीच वाढवला. त्याला चारण्यापासून त्याच्या शिंगांना तेल लावण्यापर्यंत सगळं त्यांचं. औंधच्या यात्रेत जनावरांचं प्रदर्शन होतं, तिथं चोवीस वर्षांची ही बाई खोंडाचा कासरा धरून पहाटे चालत गेली. परीक्षकांनी विचारलं, मालक कुठं आहे? म्हणाली, मीच. हौशाचा पहिला नंबर आला. कासऱ्यासकट दोघांचा फोटो निघाला आणि यात्रेच्या सांगतेला वाटण्यासाठी बिल्ले करायला तो फोटो साताऱ्याला एका छापखान्यात गेला. मामा, त्या वेळी साताऱ्यात बिल्ल्यांचं यंत्र एकाच छापखान्यात होतं.

बिल्ले आले तेव्हा त्यात बैल नव्हता. फोटो आडवा होता, चकती गोल. वर 'श्रीक्षेत्र औंध यात्रा', खाली 'प्रथम क्रमांक' असं सरळ ओळीत छापलेलं, ते दोन्हीकडून कापलं गेलं. बैल पूर्ण बाहेर गेला, त्याच्या शिंगाचं टोक तेवढं आत राहिलं, आणि मधोमध रंगुबाई. दुसऱ्याची तरणी बायको छातीवर लावून कोण हिंडणार? एकानंही लावला नाही. पण हसायला सगळे पुढं. बैलाच्या ऐवजी बाईलाच पहिला नंबर दिला म्हणून चारी वाड्यांत बोभाटा झाला. 'बिल्लेवाली' हे नाव पडलं ते केस पिकेपर्यंत गेलं नाही. सासूनं हाताला लागतील तेवढे बिल्ले गोळा करून चुलीत घातले. जोतिबांनी लष्करातून पत्र लिहिलं, त्यातला एक मला पाठव. पाठवायला एकही उरला नव्हता. "मागल्या वर्सी गेलं ते," रंगुबाई म्हणाल्या. "लय बारीनं इचारायचे, कसा दिसत हुता ग तुजा बिल्ला? मी काय सांगणार? मला कुणी नीट बघूच दिला न्हाई."

मी उठून हार काढला. घाईनं ओढल्यामुळं हाराबरोबर एक खिळाही आला आणि फलक एका बाजूनं लोंबला. रंगुबाई म्हणाल्या, "हार काढा, मला ऱ्हाऊ द्या." मग सोनमला म्हणाल्या, "काड माजा फोटू." आणि स्वतःच्या आठ फुटी चेहऱ्याखाली हात मागं बांधून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी समारोपाला प्राचार्य पुन्हा आले होते, पुतळ्याची वर्गणी कशी गोळा करायची याचा कागद घेऊन. मी माईकवर जाऊन सगळं सांगितलं. प्राचार्यांनी मला हळूच विचारलं की निदान तलवार तरी ठेवता येईल का. मग रंगुबाई स्वतः वर आल्या, माईक दोन्ही हातांत धरला आणि हौशाची गोष्ट सांगितली. त्याला वैरण कमी पडली तेव्हा आपल्या अंगावरच्या पाटल्याबिल्ल्या नव्हे, तर आपलं माहेरी जाणं कसं मोडलं, तो मेला त्या दिवशी घरात कुणी रडलं नाही म्हणून गोठ्यात जाऊन कशा रडल्या, सगळं. माझ्या वीरांगनेच्या वेळी लोकांनी रुमाल काढले होते. या वेळी कुणाला रुमाल काढायचं सुचलं नाही, तसेच बसून राहिले.

बिल्ला मी त्यांना देऊन टाकला. माझ्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा, पण तो माझा नव्हताच. (चंदनबाला म्हणते, देतो म्हटल्यावर माझ्या मुठीतून सुटायला त्याला पाच मिनिटं लागली.) पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली आहेत. आजोबांनाही मी चळवळीतून मोकळं केलं आहे, त्यांना आता बरं वाटत असेल.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा, आणि घाटावर जाताना काठी न्या.

तुमचा भाचा,
जयपाल

ता. क. हे पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही. ते तुमच्या हातात देणाऱ्या, सोप्यात सोनमबरोबर बसलेल्या बाई म्हणजेच रंगुबाई. पदराला लावलेला बिल्ला बघा म्हणजे ओळख पटेल. पत्र शेवटापासून वाचायची तुमची सवय आहे, ती आज उपयोगी पडेल. आधी त्यांना पाणी द्या आणि कानातलं यंत्र घाला.

ता. क. २. त्यांचं भांडण नाही. त्यांना एवढंच विचारायचं आहे की तो कागद तुम्ही चुकून तसा कापलात की मुद्दाम. मी म्हणालो, पत्रानं विचारतो. त्या म्हणाल्या, सत्तेचाळीस वर्षांनी मी तोंडानंच विचारणार. मी बिल्ला देण्याआधी त्यावर कर्कटक लावून पाहिलं. वर्तुळाचा मध्य बरोबर त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येतो, केसभरही इकडं-तिकडं नाही. इतकी नेमकी चूक मी तरी पाहिलेली नाही. पण माझ्या अंदाजांचं काय होतं ते तुम्ही वर वाचलंच आहे. तुम्हाला आठवतं ते खरं सांगा.

ता. क. ३. हे सगळं पत्र मी रंगुबाईंना वाचून दाखवलं. पाटल्याबिल्ल्यांचं वाक्य खोडा म्हणाल्या, पण शाई सुकली होती. शेवटी त्यांनी मला एवढं लिहून घ्यायला सांगितलं, ते जसंच्या तसं देतो: "चुकून झालं आसंल तर चा पिऊन जाते. मुद्दाम केलं आसंल तर जेवून जाते."

मामींना भाकरीचं पीठ जरा जास्त घ्यायला सांगा.