खोडणाऱ्या पोरीच्या हाती कात्री

चि. धाकटीस ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. गुडघे जिन्यावर कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतंय कोण! तुझ्या अहोंचा खोकला थांबला का? खरं काय ते लिही, मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

मी शिकवते त्या चित्रांच्या वर्गात एक पोर आहे. काढलेलं सगळं खोडायची, अगदी कागदाला भोक पडेपर्यंत. आता ही येणंच सोडते की काय, असा घोर लागला होता.

काल वर्गात एक चित्रकार बाई आली. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून भिंतभर चित्रं करते. मुलांना वाटायचं, चित्रकार म्हणजे पुस्तकातली मेलेली माणसं. एकाने विचारलंच, "तुम्ही खरंच जिवंत आहात?"

"चहा मिळाला की असते," बाई म्हणाली.

मग तिने आपलं अर्धवट चित्र जमिनीवर पसरलं. "माझं घोडं इथे अडलंय. काय चुकलं, सांगा."

आपली खोडणारी हळूच म्हणाली, "लाल जास्त झालाय."

बाईने कात्रीच तिच्या हातात दिली. "काप मग."

पोरीने लाल तुकडा सरळ कापून टाकला. बाईने चित्र फिरवून पाहिलं आणि ओरडली, "सुटलं गं बाई!" नंतर दोघी मांडी घालून तुकडे जोडत बसल्या.

पोरीला न्यायला आलेल्या तिच्या आईने विचारलं, "हे कुणी केलं?"

"आम्ही दोघींनी," पोर म्हणाली.

अगं, माझी मान अशी ताठ झालीय की उशीवर टेकत नाही! अहोंना मोठ्याने वाचून दाखव.

तुझीच,
ताई