नावाचं कडवं

आबा, मागच्या रविवारी आपल्या गायनपार्टीनं शिक्रापूरला तुमचं गाणं रेकॉर्ड केलं. हायवेला हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली आहे, भिंतींना स्पंज चिकटवलेला. खाली ट्रकांची रांग, आत मात्र स्वतःचा श्वास ऐकू येतो. पंखासुद्धा बंद ठेवतात.

आधी आठवडाभर विहारात तालीम केली. तुमचा नियम तुमच्या धाकट्या लेकानं अजून पाळलाय. शेवटचं, तुमच्या नावाचं कडवं तालमीत म्हणायचं नाही, लोकांपुढंच म्हणायचं. तुम्ही गेल्यावर ते माझे मालक म्हणायचे. ते गेले तसं ते कडवं कुणी म्हटलंच नाही.

स्टुडिओत एकेकाला वेगळं आत घेतात. ढोलकी झाली, पेटी झाली, धाकट्याचा आवाज झाला, शेवटी माझी झील. तुमच्यामागं मी उभी आहे, तुमचा खांदा वर गेला की ओळीचा शेवट उचलते आहे, यातच माझं गाण्यातलं आयुष्य गेलं. आत खांदा नव्हता. कानातल्या हेडफोनमध्ये नुसता धाकट्याचा आवाज आणि तालाची टकटक. मी सारखी उशिरा येत होते. मग धाकटा काचेपलीकडं पाठ करून उभा राहिला आणि त्या रेकॉर्ड झालेल्या आवाजाबरोबर स्वतःही म्हणू लागला. त्याचा खांदा तुमच्यासारखाच वर जातो, आबा. मग जमलं.

तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, नावाचं कडवं तूच म्हण. दाजींमागं तुलाच येतंय ते."

लाल दिवा लागला. आधी मनात म्हणून बघायची तुमचीच सवय. पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरीचा फक्त शेवट आला, झील धरायची तेवढाच. पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा तेवढाच. मी बाहेर आले.

"ऱ्हाऊ दे. गाणं लांबतंय," मी म्हटलं.

"आबा असते तर झीलवालीचं म्हणणं एवढं चालू दिलं नसतं," धाकटा म्हणाला. पेटीवाले मामा हसले. मीही हसले.

गाणं आता गावभर फोनवर वाजतं. चांगलं झालंय. तुमचं नाव त्यात नाही.

तुम्ही होता तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. पुढं रद्दीतली पुस्तकं वाचत शिकले. आता लिहिता येतं, तर ओळ नाही. हा कागद धाकट्याच्या हाती लागायला नको, म्हणून फाडून टाकीन. त्याला वाटतं, ते कडवं माझ्यापाशी आहे. मी अजून तसंच वाटू दिलंय.